शिवलेली बाही

वेंडेलाच्या अंगावर त्या सकाळी अकरा वस्तू होत्या. डोक्यावर दोन टोप्या, आतली सुती आणि वरची जाळीची. गळ्यात पोवळ्यांच्या दोन माळा. लेसची कॉलर. पांढरा एप्रन. मंजिष्ठेच्या लाल रंगात बुडवलेला घोळदार झगा. कमरेला सोन्याची साखळी, आणि साखळीला लटकलेला चांदीचा खुळखुळा, ज्याच्या टोकाला लांडग्याचा दात बसवला होता. पायात दोन बूट. खुळखुळ्याला घुंगरं सहा होती. गालावर खळी एक, डावीकडे. हात एक.

मी पुन्हा मोजलं. हात एकच होता. उजवा. डाव्या बाहीचं तोंड लाल दोऱ्याने शिवून बंद केलेलं होतं. टाके बारीक आणि सारखे होते, गडबडीत घातलेले नव्हते. आत मूठ हलत होती, पोत्यात घातलेलं मांजराचं पिल्लू हलतं तशी.

समोर काय आहे ते आधी मोजायचं, ही सवय माझ्या वडिलांची. ते मिडलबर्खला चष्म्याची भिंगं घासायचे. आधी मोज, मग बघ, असं ते म्हणायचे, कारण आधी बघितलं की माणसाला हवं तेच दिसतं. मी भिंगं घासली नाहीत, चित्रं काढायला शिकले, पण सवय राहिली. झीरिकझेत, या बेटावरच्या गावात, लोक मला चष्मेवाल्याची डिग्ना म्हणूनच ओळखतात.

खुर्चीसमोर गुडघ्यावर बसून मी पोरीला नाव विचारलं. तिने पाहुण्यांना द्यायचा हात पुढे केला, मेलेल्या माशासारखा ताठ. मी तो हातात घेतला.

"हा आजीचा हात," ती म्हणाली. मग हनुवटीने शिवलेल्या बाहीकडे दाखवलं. "माझा आत आहे."

आमच्याकडे लेकरू चालायला लागलं की त्याला पहिली रीत शिकवतात ती हीच. दारात कोणी आलं की आई म्हणते, सुंदर हात दे. सुंदर हात म्हणजे उजवा. दुसऱ्या हाताला नाव नाही. त्याला कोणी वाईट म्हणत नाही, कुरूप म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. बहुतेक पोरांना एका उन्हाळ्यात समजतं. वेंडेलाला चार वर्षं झाली तरी समजलं नव्हतं, किंवा समजून तिने ते बाजूला ठेवलं होतं. चमचा डावीकडे, खडू डावीकडे, मांजराची शेपटी धरायची तर तीही डावीकडेच.

बाही शिवणाऱ्या लेव्हिनाबाई, वेंडेलाच्या आजी, खिडकीपाशी पायाखाली शेगडी घेऊन बसल्या होत्या. बेटावरच्या मंजिष्ठेच्या मुळांचा निम्मा व्यापार त्यांच्या घरातून होतो. मुळं सुकवायची कोठारं त्यांची, दळायचं जातं फिरवणारे घोडे त्यांचे, अनाथाश्रमाच्या पंचांत पहिली खुर्ची त्यांची. त्यांचा एकुलता मुलगा मारिनुस ब्राझीलमध्ये, रेसिफेच्या वखारीत. गेला तेव्हा वेंडेला आठ महिन्यांची होती. पुढच्या उन्हाळ्यात तो परत येणार होता, आणि त्याआधी त्याला मुलीचं चित्र हवं होतं. बायकोचं लाकडावरचं चित्र त्याने सोबत नेलं होतं, ते वाळवीने खाल्लं. म्हणून हे तांब्यावर. तांब्याला वाळवी लागत नाही, दमट हवेत ते वाकत नाही, आणि सात अंगठे उंच, साडेपाच अंगठे रुंद पत्रा कोटाच्या खिशात मावतो.

लेव्हिनाबाईंनी मला काम समजावून सांगितलं. कमरेपासून वर. चेहरा प्रसन्न. पोवळी नीट दिसावीत, लेस त्याहून नीट. खुळखुळा सुंदर हातात. मी विचारलं, बाही शिवलेली दाखवायची का. त्या म्हणाल्या, वेडी आहेस का, दुसरा हात एप्रनवर ठेव, बाही मोकळी काढ.

"आणि एक लक्षात ठेव, पोरी," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा आधी चित्र बघणार आहे आणि मग लेक. दोघी जुळल्या पाहिजेत. चित्रात सुंदर हात असेल तर तो येईपर्यंत तिचाही सुंदर हातच चालू झालेला असेल. ते माझ्याकडे लागलं."

म्हणजे मी जो हात रंगवणार, तोच त्या पोरीचा ठरणार होता. उन्हाळ्यापर्यंत बाही शिवलेली राहणार की उसवणार, हे माझ्या पत्र्यावर अवलंबून होतं. असं काम मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

पत्रा तयार करायला मी स्वयंपाकघर मागितलं. तांबं गुळगुळीत असलं की रंग त्यावर बसत नाही, निसटतो. म्हणून ते आधी झांव्याच्या दगडाने घासायचं, मग लसणाची पाकळी कापून तिचा रस चोळायचा. नेल म्हणून मोलकरीण होती, पंचवीस वर्षं त्या घरात असलेली. तिने नाकाला एप्रन लावून विचारलं, चित्र काढताय की ससा शिजवताय, आणि ससा असेल तर मला आधी सांगा, मी कांदे चिरते. मग तिने माझ्या समोरची पाकळी उचलून भाकरीवर घासली आणि खाल्ली.

वेंडेलाची आई तिथेच आली. आलेडा तिचं नाव. सासूसमोर ती सूत गुंडाळत बसायची, तोंडातून शब्द काढायची नाही, इतकी की मी पहिल्या दिवशी तिला मोजायलाच विसरले असते. इथे मात्र ती दार लावून उभी राहिली आणि थेट विचारलं, मी काय रंगवणार.

मी म्हणाले, समोर असेल ते.

"आणि हात समोर नसेल तर?"

"तर तो चित्रात येणार नाही."

तिने मान हलवली. मग समोर असेल हे मी बघते, एवढंच म्हणाली. नेल भाकरी चावत भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला काही ऐकू आलेलं नव्हतं, हे तिने दोनदा सांगितलं.

त्यानंतर बैठका त्या वेळी व्हायच्या जेव्हा लेव्हिनाबाई अनाथाश्रमात असत. आलेडा कात्रीने टाके कापायची, दोरा ओढून काढायची. बाहीतून मूठ बाहेर यायची, घामेजलेली, त्यावर शिवणीचे वळ. वेंडेला पाची बोटं उघडून बघायची, सगळी आहेत ना म्हणून, आणि मग खुळखुळा उचलायची. उजव्या हातात दिला असता तर तिने तो जड ओझ्यासारखा धरला असता. डाव्या हातात तो तिच्या बोटांचाच पुढचा भाग वाटायचा. लांडग्याचा दात ती अंगठ्याने घासत राहायची, न बघता. तो अंगठा रंगवताना मला चेहऱ्याइतका वेळ लागला. काम संपलं की आलेडा बाही पुन्हा शिवायची, सुई जुन्याच भोकांतून घालून, म्हणजे सासूला कळू नये.  वेंडेला हात आत घालताना आईकडे बघायची.

मला ते बघवायचं नाही. मी एकदा म्हणालेही, की चित्रात उघडा हात आणि घरात शिवलेला, हे फार दिवस चालणार नाही. आलेडा म्हणाली, चित्र एकदा जहाजावर चढलं की झालं. मारिनुस बघेल. तो समजेल. तो आला की बाही उसवेल. मी विचारलं, आणि तोपर्यंत? तिने सुईत दोरा ओवला.

मारिनुसबद्दल तिने तेव्हाच सांगितलं. तोही असाच होता. त्याचीही बाही एका हिवाळ्यात शिवली होती, आणि त्या हिवाळ्यापासून त्याच्या तोंडात शब्द अडकायला लागले.

चेहरा झाला, लेस झाली, हात झाला. एका सकाळी लेव्हिनाबाईंनी चित्र मागितलं. आम्ही सगळ्या खिडकीच्या खोलीत होतो. मी पत्रा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, माझ्या वडिलांच्याच हातची भिंगं, आणि पत्रा उजेडाकडे धरून वरून खाली वाचला, कागद वाचतात तसा. लेसवर त्या थांबल्या आणि गाठी मोजल्या. मी मोजूनच काढल्या होत्या. मग नजर खाली, खुळखुळ्यावर आली.

खुळखुळा चित्राच्या उजव्या बाजूला होता. त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताच्या बाजूला.

"छान," त्या म्हणाल्या. "सुंदर हात. किती शोभतो बघ."

त्यांची चूक मला लगेच दिसली. समोरच्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळे विसरतात. लेव्हिनाबाई तर वर्षानुवर्षं हेच विसरत आल्या होत्या. पोरीला रीत शिकवताना त्या तिच्यासमोर बसायच्या, स्वतःचा उजवा हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, असा दे. पोरगी आरशासारखं करायची. समोर जिकडचा हात आला, तिकडचाच तीही पुढे करायची. तो डावा असायचा, आणि त्यावर चापट बसायची.

मी कुंचले पुसायला घेतले. आलेडाच्या हातातलं सूत थांबलं. नेलने बिअरच्या लापशीचा ट्रे इतका उंच धरला की तिचा चेहरा दिसेना. लेव्हिनाबाईंनी पत्रा आणखी एकदा न्याहाळला आणि सांगितलं, सुकलं की कापडात गुंडाळ. एवढं झालं आणि आम्ही जिंकलो होतो. तिघींनाही तसंच वाटलं असणार.

वेंडेला स्टुलावरून उतरली.

"तो माझा हात आहे," ती म्हणाली.

"सुंदर हात आहे तो, बाळ."

"नाही. आजीचा हात एप्रनवर झोपलाय. तो बघ. हा माझा."

लेव्हिनाबाई हसल्या. पोरीला अजून डावं-उजवं कळत नाही, असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. वेंडेला पुढे गेली, आजीच्या हातातल्या पत्र्याशेजारी उभी राहिली, चित्राचं तोंड जिकडे होतं तिकडेच स्वतःचं तोंड करून. आणि तिने शिवलेली बाही वर उचलली. बाही बरोबर खुळखुळ्याच्या बाजूला आली.

 आलेडा मुलीकडे बघत होती, आणि मी आलेडाकडे. तिला राग आला असेल असं मला वाटलं होतं. राग नव्हता. चोरून मिळवलेली गोष्ट पोरीने सगळ्यांसमोर टेबलावर आणून ठेवली होती, आणि आता ती कोणाला परत झाकता येणार नव्हती.

लेव्हिनाबाईंनी पत्रा मांडीवर ठेवला. माझ्या टेबलावरची रंग कालवायची सुरी उचलली. मी हात पुढे करायच्या आत त्यांनी खुळखुळा धरलेल्या हातावर सुरी आडवी धरून ओढली. दोनदा. तांबं रंग पीत नाही. कापडात रंग मुरतो, लाकडात शिरतो, तांब्यावर तो नुसता बसलेला असतो. वरून सुकल्यासारखा वाटत होता, आत ओला होता. साय निघावी तसा हात निघून आला आणि सुरीच्या पात्यावर गुंडाळला गेला. खाली नव्या भांड्यासारखं तांबं चमकलं.

"आता नीट काढ," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "उजव्या हातात."

"उजव्या हातात ती काही धरत नाही, बाईसाहेब."

"मग तू धरव. चित्रच आहे ते. मागच्या वर्षी महापौरांच्या जेवणाच्या चित्रात तू हिवाळ्यात द्राक्षं काढलीस. तेव्हा नाही विचारलंस, वेलीवर आहेत का म्हणून."

"द्राक्षांची बाही कोणी शिवत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याची पोर, जरा जपून बोल, असं त्या म्हणाल्या. या गावात तुला बोलावणारी दुसरी घरं किती आहेत ते मोजून ठेव. मी म्हणाले, मोजलेली आहेत. चार. त्यांतल्या दोन घरांतली पोरं डावखुरी आहेत. हे खरं होतं.

आलेडा उठली. सुताचा गुंडा तिने खुर्चीवर ठेवला, कमरेच्या साखळीची कात्री काढली, मुलीपुढे गुडघे टेकले आणि सगळ्यांच्या देखत पहिला टाका कापला.

"आलेडा, कात्री ठेव."

"ठेवते, आई. काम झालं की."

ती एकेक टाका कापत राहिली. लेव्हिनाबाईंनी तिला सांगितलं की मारिनुसचा हात त्यांनी एका हिवाळ्यात सुधारला होता, आणि आज सबंध वखारीत त्याच्यासारखं अक्षर कोणाचं नाही.

"अक्षर चांगलं आहे," आलेडा म्हणाली. "बोलायचं काय? वेंडेलाच्या बाप्तिस्म्याला त्याला तिचं नाव सांगता आलं नाही. सगळं चर्च ऐकत होतं. 'वे, वे' करत उभा राहिला. शेवटी पाद्र्याने पाटी मागवली आणि त्याने लिहून दाखवलं. तुमच्या त्या सुंदर हाताने."

"तो लहानपणापासूनच अडखळतो."

"त्या हिवाळ्यापासून. मला त्यानेच सांगितलं. सांगायला अर्धी रात्र लागली त्याला. आणि दार लावून बसला की हेरिंग डाव्या हातानेच कापतो तो. अजून."

हे लेव्हिनाबाईंना माहीत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांची नजर पायाखालच्या शेगडीकडे गेली. मग, कोणालाच उद्देशून नाही अशा, बोलल्या. त्यांची धाकटी बहीण होती, फीना, डाव्या हाताने धारा काढायची. एका वर्षी गावातल्या गाईंचं दूध आटलं, तेव्हा लोकांनी आधी फीनाचा हात बघितला. तिला कोणी मारलं नाही. फक्त दूध घेणं बंद केलं. मग लग्नाला मुलगा मिळेना. मग ती बोलेनाशी झाली.

"मला हौस आहे का शिवायची?" त्या म्हणाल्या. "उद्या लग्नात नवऱ्याला हात द्यायची वेळ येईल, कचेरीत शपथेला हात वर करायची वेळ येईल. हिने दुसरा वर केला की लोक आधी हसतील. नंतर हसणार नाहीत."

आलेडाने शेवटचा टाका कापला. "माहीत आहे मला, आई. पण भीती तुमची आहे आणि हात तिचा."

बाहीतून मूठ बाहेर आली.

"चित्र मी असंच पाठवणार," आलेडा पुढे म्हणाली. "जहाज निघालं की. हाताच्या जागी तांबं असेल, ते असू दे. तो विचारेल, हात कुठे गेला. मी लिहीन, तुमच्या आईने खरवडून टाकला."

"हात नसलेली पोर पाठवशील बापाला? अपशकुन करशील?"

"हात आहे तिला. दोन आहेत. मोजा."

वेंडेलाने दोन्ही हात पुढे केले. मोजायला सांगितलं आहे असं तिला वाटलं.

लेव्हिनाबाई उठून आपल्या खोलीत गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही. नेलने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, लापशीवर साय आली, आता ही कोण खाणार. आणि मग स्वतःच खायला बसली. चमचा वाडग्यावर वाजत होता.

तांब्याची मोकळी जागा पाठवणं मला पटेना; दुसऱ्या दिवशी मी तोच डावा हात पुन्हा काढायला बसले. खरवडलेल्या जागी आधी लसूण चोळला. मग सफेता, शिशाचा पांढरा रंग, घेतला. नेहमी मी तो पातळ लावते, तांब्यावर जाड रंग गावंढळ दिसतो. त्या दिवशी मुरदाडशिंग, रंग लवकर सुकवणारी शिशाची पूड, घालून उकळलेल्या जवसाच्या तेलात तो लोण्यासारखा घट्ट कालवला. असा सफेता सुकला की दगड होतो. हाताचं हाड आधी बांधावं तसा मी तो थर बांधला, त्यावर दुसरा, मग कातडीचा रंग.

वेंडेला बसली होती, बाही मोकळी. आलेडा तिच्या बाजूला. आम्ही वाट बघत नव्हतो, पण लेव्हिनाबाई आल्या. आपल्या खुर्चीवर बसल्या, शेगडी पायाखाली ओढली.  मग नातीसमोर हात पसरून, रोजच्या आवाजात, म्हणाल्या,

"वेंडेला, सुंदर हात दे."

वेंडेलाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. माझ्यासमोर हात उरला नाही. मी कुंचला खाली ठेवला. आलेडाने मुलीला काहीच सांगितलं नाही, दे नाही की देऊ नको नाही. वाऱ्याने खिडकीच्या काचा वाजत होत्या. आजीचा हात हवेत तसाच होता, आणि पोरगी त्याच्याकडे बघत होती, रागाने नाही, एखादं कोडं बघावं तशी.

"तसं नाही म्हणायचं," ती म्हणाली. "वेंडेलाचा हात दे, असं म्हण. मग देते."

लेव्हिनाबाईंनी ते म्हटलं नाही. हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने वेंडेलाला पाठीमागे हात धरून कंटाळा आला. तिने डावा हात पुढे आणला, खुळखुळा उचलला आणि लांडग्याच्या दातावर अंगठा घासायला लागली. मी कुंचला उचलला.

"मी पुन्हा खरवडीन," लेव्हिनाबाई माझ्या मागून म्हणाल्या.

"खरवडा, बाईसाहेब. सुरी टेबलावर आहे. मी नवी धार लावून ठेवलीय."

"फार शहाणी झालीस."

"या वेळी हात आधी निघतो की सुरीची धार जाते, ते मलाही बघायचंय."

नेल दारात उभी होती. तिला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही.

त्यानंतर मी रोज गेले नाही. रंग सुकायला पत्रा दक्षिणेच्या खिडकीत ठेवला होता. जहाज वाऱ्यासाठी बंदरात अडकून पडलं, ते माझ्या पथ्यावर पडलं. पत्रा घरातच होता, लेव्हिनाबाईंच्या घरात, आणि तो कोणी कुलपात ठेवला नव्हता. आलेडाने मला निरोप पाठवला नाही. नेल बाजारात भेटली तेव्हा म्हणाली की बाही पुन्हा शिवलेली नाही, आणि दोघी सासवासुना एकमेकींशी मीठ दे आणि दार लाव एवढंच बोलतात. आणखी काय, असं मी विचारलं. आणखी काय, नेल म्हणाली, पोरगी रोज जेवताना डाव्या हाताने चमचा धरते आणि म्हातारी रोज तिच्या समोर बसून जेवते. जागा बदलत नाही. दुसरीकडे बघतही नाही.

वारा फिरला तेव्हा मला बोलावणं आलं. पत्रा ओकच्या पेटीत बसवायचा होता, आणि त्याआधी मला तो शेवटचा तपासायचा होता. खिडकीच्या खोलीत मी एकटीच होते. स्वयंपाकघरातून वेंडेलाचा आवाज येत होता, ती नेलला खुळखुळ्याची घुंगरं मोजून दाखवत होती. पत्रा टेबलावर होता. माझी सुरी त्याच्या शेजारी होती, मी ठेवली होती तिथे नाही.

मी पत्रा तिरप्या उजेडात धरला. हातावर पितळी पट्टी आडवी ठेवली आणि पट्टी आणि बाकीचा रंग यांच्या मधल्या फटीत कागद सरकवून बघितले. एक कागद गेला. दुसरा गेला नाही. हात बाकीच्या रंगाहून एका कागदाएवढा उंच उभा होता. हाताच्या पाठीवर, मनगटापासून करंगळीच्या मुळापर्यंत, सुरीचा एकच ओरखडा होता, सरळ, अर्धा अंगठा लांब. मी त्यावरून सुईचं टोक दोन्ही दिशांनी फिरवलं. आत सगळीकडे सफेताच होता. तांबं कुठेच लागलं नाही; हात निघाला नव्हता.